नारूचा अभ्यासक

सोलापूर, मंगळवार, एप्रिल १९२९

आमचा माधव एम. एस्सी.च्या प्रबंधासाठी नारूवर, त्या दोऱ्यासारख्या लांब जंतावर, संशोधन करतो. पाण्यातल्या बारीक किड्यांवाटे नारू पोटात जातो, म्हणून विहिरींचं पाणी भिंगाखाली बघत हिंडतो. आज संध्याकाळी सहज म्हणाला, "काका, गावकुसाबाहेरच्या वस्तीत पाणी प्यालो."

"न गाळता?"

"फडकं खिशात होतं. पण पाणी देणारी म्हातारी म्हणाली, 'आमच्या हातचं चालत न्हाय व्हय, बाळ?' तिच्यादेखत कसं गाळू?"

सोवळ्याची टर उडवण्यात माझी हयात गेली, आता याला कोणत्या तोंडाने रागवू? फडकं खिशात होतं! त्याच्या जागी मी काय केलं असतं? प्यालोच असतो बहुतेक.

"पाण्यात किडा दिसला होता?"

"दिसला. आता नारू निघालाच, तर वर्षाने, पायातून." आणि हसला. औषध नाही, काडीला गुंडाळत रोज थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडतो. हे त्यानेच मला शिकवलंय. तरी फडकं खिशातच.

जेवताना वहिनींनी लेकाच्या लग्नाचं काढलं, पुढच्या चैत्रातलं. "थोडं लांबवू या," एवढंच म्हणालो.

"शुभ बोलावं हो, भावजी," म्हणाल्या, आणि माधवला आणखी भात वाढला.