माशांना तुझी बांगडी कळते

बेबा,

दादा न्हाणीत घसरलाय, त्याला बघायला सकाळच्या गाडीने बोदवडला जातोय. संध्याकाळी येईन.

आठ ते दहा लाइट नसते, म्हणजे माशांचा हीटर बंद. गरम पाण्याच्या दोन बाटल्या बूच घट्ट लावून फिशटँकमध्ये सोड आणि गार झाल्या की बदल. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल एवढंच. गोधडी मी टँकभोवती गुंडाळून ठेवली आहे.

हे तुला नवीन वाटेल, कारण थंडी पडल्यापासून हे मीच करतोय. तू फक्त चिमूटभर खाणं टाकतेस आणि मासे तुझ्याकडेच धावतात. मी बोललो तर हसून म्हणालीस, "मासासले बी माणूस समजस." माशांनाही माणूस कळतो, हे मला लागलं.

परवा तू भजनाला गेलीस तेव्हा तुझी बांगडी डब्यातून काढून मी टँकच्या काचेवर वाजवली, अगदी तू वाजवतेस तशी. सगळे वर आले. माझं तोंड बघितलं आणि मागे फिरले. बांगडी डब्यात परत ठेवली आहे.

आज रविवार. आपल्या तेजसचा पुण्याहून फोन येईल, तुझ्याच मोबाइलवर. आधी तुझी तब्येत विचारेल, मग त्याच्या माशांची. मासे बरे आहेत म्हणालीस की तो फोन ठेवतो. आज ठेवायच्या आत त्याला सांग, बाटल्या कोण बदलतं ते.

जीवराम