गवळीराजाची भिंत

७ जाने. ९६, रवि.
वाचनालयात व्याख्यान. वक्ते निवृत्त भूगर्भतज्ज्ञ, आवाज बसलेला, अर्ध्या स्लाइड्स उलट्या. मला डुलक्या. मग पडद्यावर भिंत! अगदी आमच्या गावच्यासारखी, काळी, टेकडीच्या पाठीवरून गेलेली, चिऱ्यावर चिरा.
"धुळ्या-नंदुरबारकडे लोक म्हणतात राजाने बांधली. ही कोणीच बांधली नाही. जमीन भेगाळली, खालून तापलेला रस आला, भेगेत थिजला. भोवतालचा खडक झिजला, ही उरली. हे चिरे म्हणजे थंड होतानाचे तडे. साडेसहा कोटी वर्षं."
टाळ्या. माझे हात मांडीवरच.
सुमन आठवली.

८ जाने.
चाळीस वर्षं झाली. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर, चौथीचा वर्ग घेऊन भिंतीपाशी वनभोजन. भाकरी, ठेचा, वारा. मी माझी कविता म्हटली, चालीवर —
एका रात्रीत रचला, चिऱ्यावरती चिरा
गवळीराजा झोपला, वर चांदण्याचा तुरा
मुलं डोलत होती. (अजून कानात आहेत ते आवाज. तेवढी दाद पुन्हा कधी...) सुमन उठली. नऊ वर्षांची, बाप विहिरी खणणारा.
"गुर्जी, भीत कोनी बांधेल नही. आमनी इहिरमाबी तीच शे. आबा म्हनस, खालथीन येल शे."
म्हणे विहिरीतही तीच भिंत, खालून आलेली! मी म्हणालो, "तुझा आबा विहिरी खणतो की इतिहास?"
वर्ग हसला. मीही. पोरं तिला वर्षभर 'इहीरवाली' म्हणत. पाचवीत ती आलीच नाही.
खरं लिहायचं तर भूगोलाचं काही दुखलं नव्हतं. कवितेचं दुखलं.

१० जाने.
सुमनही आता इथेच, सुरतेत. लिंबायतला गेलो, तिच्याकडे. नवरा लूमवर, ही घरात साड्यांना खडे चिकटवते. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. शेजारीण बसलेली. तिला म्हणते, "हे माझे गुर्जी. मोठे कवी!" आणि सगळी कविता म्हणून दाखवली. एक शब्द चुकली नाही.
मग हसत, "आबा बिचारा अडाणी. त्या दिवशी घरी जाऊन मी त्याले सांगं, तुले काही समजस नही. मंग तो भीतवर परत कधी बोलनाच नही. मरेपर्यंत."
चहात साखर जास्त झाली, एवढंच बोललो. दोन कप प्यायलो. लाज.

१२ जाने.
सुमनला पत्र लिहायला बसलो. दुसऱ्याच ओळीला यमक जुळलं. फाडलं.
चिरंजीव म्हणतात, "बाबा, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात?"
साडेसहा कोटींपुढे चाळीस वर्षं जुनी कशी? आजची सकाळच ती.

१५ जाने.
वासी उत्तरायण, पतंगांचा दुसरा दिवस. सगळी सुरत गच्चीवर, पतंग कापला की 'काइपो छे'चा गलका. गोडादऱ्याच्या घरून चालतच सुमनकडे गेलो, खिशात तिळाचे लाडू. सुमन एकटी. नेहमीसारखी पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.
"काय झालं, गुर्जी?"
उभ्या उभ्याच सांगितलं. तुझा आबा बरोबर होता. भिंत खालूनच आलेली आहे. मी चुकलो, वर त्याला हसलो.
तिच्या बोटावर एक खडा होता. तो तिथेच राहिला. डिंक वाळला असावा.
"मंग हसनात काबर?"
"कविता मोडत होती."
"बस?"
"बस."
खाली साडीकडे बघून म्हणाली, "आते आबाले कोन सांगी?"
लाडू घेतला, खाल्ला नाही. 'गोड बोला' तिनेही म्हटलं नाही, मीही नाही.

१६ जाने.
काही नाही. वहीतली ती कविता काढून पाहिली. चाल अजून सुंदर लागते. तेच तर...

१९ जाने.
रस्त्यात सुमन, डोक्यावर साड्यांचा गठ्ठा. मला वाटलं न बघता जाईल. थांबली. वाकली मात्र नाही. गठ्ठा होता म्हणून, की...
"अखाजीले आमनी इहीरनं पानी तळले जास," म्हणाली. "मंग भीत दिसस. भाऊ शे तठे." आणि गेली.
मला ये म्हणाली, की नुसतं सांगितलं? विचारायला तोंड उघडेपर्यंत रिक्षांच्या पलीकडे.
अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून तीन महिने. विहिरीच्या तळापर्यंत, इतकं खोल उतरायला गुडघे साथ देतील का, बघायचं.