रंगाचा कण

१ मार्च
आले एकदाची! मलेरियाच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम. मायक्रोस्कोप नवाकोरा, टेबल खिडकीशी, मागेच राहायची खोली. सगळीकडे दुहेरी जाळ्या. इथल्या जंतूंना गोळ्या लागू पडेनाशा झाल्यात, म्हणून स्लाइड निगेटिव्ह आल्याशिवाय कुणालाही फाटकाबाहेर सोडत नाहीत. मलासुद्धा. हरकत नाही, स्लाइड बघणार मीच! लेक आईकडे ठेवलीय, तासाभराच्या अंतरावर. सुट्टीला जाऊन येईन.

९ मार्च
दुपारी सगळ्या वॉर्डाला एकदमच हुडहुडी भरते आणि खाटा खडखडतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय होईल. पहिल्या खाटेवरचे मास्तर एकही गोळी चुकवत नाहीत, तरी जंतू तेवढेच. तुम्ही रक्त बघता की माझी पत्रिका, असं आज त्यांनी विचारलं. जाळीच्या आत शिरलेला डास आतच राहतो, हेही आता कळलंय.

२१ मार्च
कणकण आहे. उद्या घरी जायचंय. लेक फोनवर रोज तेच विचारते, कधी येणार. स्वतःची स्लाइड स्वतःच पाहिली. सगळं स्वच्छ. एकाच ठिकाणी बारीक निळी कडी, तिला लाल ठिपका, जंतूसारखा. मनात पाल चुकचुकली. पण स्लाइडला लावलेल्या रंगाचा कणही असाच दिसतो. रंगाचाच असणार. निगेटिव्ह लिहिलं.

२३ मार्च
परत आले. रात्रभर गळ्यात हात टाकून झोपली होती पोर. झोपेत मच्छरदाणी पायानं उपसून टाकली. पहाटे कानाशी गुणगुण ऐकली, मारायला उठले तर दिसला नाही.

२६ मार्च
सणसणून ताप. माझी स्लाइड डॉक्टरीणबाईंनी पाहिली. मास्तरांशेजारची खाट दिली.

५ एप्रिल
गोळ्या संपल्या. जंतू आहेतच. पुन्हा त्याच गोळ्या. मास्तरांना आज बाहेर नेलं, चादरीत गुंडाळून.

१३ एप्रिल
आता खाट माझीही खडखडते, सगळ्यांबरोबर. माझ्या जागी आलेली मुलगी माझी स्लाइड बघून मान हलवते — अजून निगेटिव्ह नाही. भीती वाटते. लेकीला एकदा बघू दे, बाकी काही नको.

२१ एप्रिल
फाटक वाजलं. नवा पेशंट, आमच्या गावातला पहिलाच. लहान आहे म्हणे — बाहेर आई रडतेय. माझी आई. इथं कशाला —

डॉक्टरीणबाई मास्तरांची खाट झाडताहेत. म्हणाल्या, "ताई, जरा सरका. तिला तुमच्याजवळच यायचंय."

हातात त्याच गोळ्या. लागू पडत नाहीत त्या, तिला नका — अंग केवढं भाजतंय हिचं — हसतेय. म्हणते, आई, आता मी इथंच —