पाण्याची हुडहुडी

मु. पो. आंबवली, ता. खेड
८ जून २०१४

तू रुसैल सोडून दुक्मला चाललास हे मला बिलकीसकडून कळावं? तिचा सकलैन तिकडं गाडी चालवतो, तो आईला सांगतो, ती कुंपणावरून मला सांगते. आणि माझा नातू फोनवर जेवलीस का, एवढंच विचारतो. जेवले. जन्मभर जेवतेच आहे.

चि. प्रतापला आजीचे आशीर्वाद. नातसून मधु बरी आहे, तुझी लेक उर्वी दुसरीत गेली. फोनवर तू लपवतोस म्हणून कागद घेतला. सकलैन सुट्टी संपवून निघालाय, त्याच्या हाती देते.

आठ वर्षं तू अरबांच्या देशात, रुसैलला फाटकं नि खिडक्यांचे गज जोडलेस. मग तुझ्या मालकानं, त्या अर्बाबानं तुला वर्कशॉपात भट्टी मांडून दिली, तेव्हा मी गावभर साखर वाटली. लोहाराच्या पोरानं परमुलखात आपला घण उचलला म्हणून. आता ती भट्टी विझवून, वाळवंटात जाऊन पुन्हा वेल्डिंग? साखर परत मागायला मी दारोदार फिरणार नाही. काय झालं ते लिही, आणि खरं लिही.

तुझी आजी,
रखमाबाई

रुसैल
२० जून २०१४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मधुवर रागवू नकोस, तिलाही सांगितलं नव्हतं.

इथं खजुराचा हंगाम लागलाय. निझव्याच्या बागवाल्यांना झावळ्या छाटायला कोयते हवे होते. कोयते जमले तर भट्टी कायमची, नाही तर खलास, असं अर्बाब सालेम म्हणाले. मी ट्रकच्या पाट्याचं पोलाद आणलं, आजोबांसारखं घडवलं. पण अर्बाब म्हणाले यल्ला, आटप लवकर, आणि त्या दिवशी नेमकी अमावास्या. आपल्यात अमावास्येला भट्टी पेटवत नाहीत, मी पेटवली. पाणी द्यायला कोयता बुडवला की टिंग, धारेला चीर. सगळे गेले. दुसऱ्यांदा केले, तेही गेले. बाधाच लागली म्हणायची.

कामात मी कसूर केली नाही गं. इथं उन्हानं टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं, म्हणून पिंपात बर्फाची लादीसुद्धा सोडतो. हंगाम संपेपर्यंत थांबू, असं अर्बाब म्हणालेत. पण माझाच हात आता उचलत नाही. दुक्मच्या कामाला हो म्हणून टाकतो.

तुझ्या मायेचा भुकेला,
प्रताप

आंबवली
२ जुलै २०१४

बर्फ? लाल लोखंड आणि बर्फाचं पाणी? तापल्या खापरीवर गार पाणी ओतून बघ, ती कुठल्या तिथीला फुटते ते मला कळव.

चि. प्रताप, आशीर्वाद आहेतच, पण आधी हे. अमावास्येला बोल लावू नकोस. अडल्यानडल्याचा फाळ तुझे आजोबा अमावास्येलाही ठोकून द्यायचे, एक चिरला नाही. ती सुट्टी होती भाता ओढणारीच्या खांद्यांना. ओढणारी कोण, ते तुला ठाऊक आहे.

माघात पाणी गारठलं की ते आधी एक तापली कांब पिंपात बुडवायचे. पाण्याची हुडहुडी गेल्याशिवाय कोयत्याला पाणी द्यायचे नाहीत. तू समोर बसून बघायचास, पण लक्ष सगळं ठिणग्यांकडे. तुझ्या मुलखात पाणी आयतं तापून येतं, आणि तू त्याला हिंव भरवतोस! पिंप सावलीत ठेव. पाणी कोमट झालं की धार तेवढी बुडव, पाठ नको. एक कोयता कर. तो चिरला तर खुशाल जा दुक्मला, मी अडवणार नाही.

रागावलेली आणि तुझीच,
आजी

रुसैल
५ ऑगस्ट २०१४

ती. आजीस शि. सा. न.

चिरला नाही! बुडवताना टिंग ऐकू नको म्हणून मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला होता. नुसतं फुस्स झालं. ईदची सुट्टी संपल्यावर अर्बाब स्वतः पोट सावरत खजुरीवर चढले. त्यांनी भराभरा झावळ्या पाडल्या, धारेवर अंगठा फिरवला आणि भट्टी इथंच राहणार म्हणून सांगितलं. दुक्मला नकार कळवला. आता आणखी बागवाले विचारत येतात. पहिला कोयता सकलैनच्या मित्राबरोबर तुला धाडतोय. त्याच्या बॅगेत तो उर्वीला घेतलेल्या नव्या फ्रॉकमध्ये गुंडाळलाय, सांभाळून उघड.

तुझा,
प्रताप

आंबवली
२६ ऑगस्ट २०१४

फ्रॉकला तेलाचा डाग पडलाय. तो काही जात नाही.

चि. प्रतापला आशीर्वाद. कोयता पोचला. नारळ सोलला, फणसाची फांदी तोडली, बिलकीसच्या कुंपणाचा बांबू तिला न विचारता तोडला. धार हलली नाही. मूठ अर्धं बोट लांब झालीय, पुढच्या वेळी बघ. तुझ्या आजोबांच्या ऐरणीवर ठेवलाय. साखर पुन्हा वाटणार नाही, गावाला सवय लागेल.

आता एक. दिवाळीची अमावास्या येतेय. त्या दिवशी भट्टी बंद. बाधेला भिऊन नव्हे, हात आखडतात म्हणून. आणि त्या दिवशी तू इथं पाटावर हवास, मधु तोंडानं म्हणत नाही, मी म्हणते.

माया आटलेली नाही, फक्त लिहीत नाही.
आजी

ता. क. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तुला दिवाळीला सोडतो की नाही, ते तुझ्या अर्बाबानं स्वतः लिहायचं. अरबीत लिहिलं तरी चालेल. बिलकीसला अक्षरं वाचता येतात, अर्थ माझा मी लावीन.