एकसष्टावं ताट

माय, तुला लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला लिहिता येतं ते पाचवीच्या दिवाळीपर्यंतचं. पुढचं मोबाईलने शिकवलं. तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. मी आता गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात आहे. त्याआधी चार गावं केली, कुठे बूड टेकलं नाही. पण एक गोष्ट प्रत्येक गावात माझ्याबरोबर आली. त्या दिवशी तू खोटं का बोललीस?

शाळेत पट मोजायला साहेब आले तो दिवस. तू शाळेची खिचडी रांधायचीस. मी दिवाळीपासून शाळेत नव्हतो, तूच मला कांद्यावर लावलं होतंस. हजेरीत नाव मात्र तसंच होतं. त्या सकाळी तू बांधावर आलीस, मला दंडाला धरून नेलंस, चुलत्याच्या पोराचा शर्ट चढवलास आणि पाचवीच्या रांगेत बसवलंस. साहेबांनी प्रत्येकाच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी; मला धरून एकसष्ट बोटं भरली. मग ते चुलीपाशी आले. "मावशी, रोज किती ताटं लागतात?" तू खिचडी हलवत, वर न बघता म्हणालीस, "एकसष्ट, सायब." मला हसू फुटलं. शाळेत होतो तेव्हा ताटं धुवायला मीच तुझ्या हाताखाली असायचो ना; पंचेचाळीसच्या वर कधी खरकटी झाली नाहीत. मी तोंड उघडणार तोच तुझा हात पाठीत बसला. "तुले काय करनं शे? मुकाट खाय!" साहेब म्हणाले, "मारू नका मावशी, भूक लागली असेल त्याला," आणि त्यांनी आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस तेव्हा मी टोमणा मारला, "वाचनी ना तुनी पळी?" मला वाटलेलं, पोरं कमी भरली तर तुझी पळी, म्हणजे तुझं काम, जाईल, म्हणून तू आकडा फुगवलास. तू माझी भाकरी जरा जोरात आपटलीस. मी त्यालाच कबुली धरलं. तेव्हापासून तू काही प्रेमाने दिलंस, तरी मी आधी बघायचो, हिला यातून काय हवंय.

इथे कारखान्यात आमच्याच जळगावकडचा एक जण आहे. डी.एड. केलेला, टीईटी पास, पोर्टलवर नाव नोंदवून शिक्षकभरतीची वाट बघणारा, आणि तोवर खोक्यांवर स्टिकर लावणारा. आम्ही त्याला मास्तर म्हणतो, तो शिव्या देतो. एकदा डबा खाताना त्याला मी तुझी गोष्ट सांगितली, हसण्यासाठी. तो हसला नाही. म्हणाला, "येडा शे का तू? साठ काय नि एकसष्ट काय, स्वयंपाकिणीला काही फरक नाही पडत. फरक पडतो शिक्षकाला. साठपर्यंत दोन, एकसष्टावं पोर आलं की तिसरा. तुझ्या मायनी पळी नाही वाचवली, एक मास्तर वाचवला." मग म्हणाला, "मला कोणी अशी माय बघून द्या रे!" सगळे हसले. माझा घास तसाच राहिला.

कारण आपल्या शाळेतल्या तिसऱ्या शिक्षिका म्हणजे पहिलीच्या बाई. धुळ्याहून, देवपुरातून आलेल्या, नव्या. आपली धाकली तेव्हा पहिलीत. शाळेत नेलं की रडून गाव गोळा करायची. मला अजून दिसतंय: बाई जमिनीवर बसल्यात, धाकलीला विचारतात, "तुनं नाव काय शे?" आणि ती रडता रडता थांबते, शहरातली बाई आपल्यासारखी बोलते म्हणून. तू चुलीपाशी बसून बघते आहेस. तुझ्या तोंडावरचं ते बघणं मला त्या वेळी कळलं नव्हतं. आता कळतं, आणि जास्तच टोचतं. धाकली बारावी झाली, पिंपळनेरला दवाखान्यात कामाला आहे. चांगलंच झालं. पण ज्याला तू कांद्यावर धाडलंस, त्यालाच एका दिवसापुरतं पोर म्हणून मोजलंस, धाकलीसाठी. बांधावर आलीस ती मला न्यायला की एक ताट भरायला? खरं सांग, माय.

मागच्या आठवड्यात गावच्या शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. तुझ्या वेळचे नव्हेत, नवे आहेत. माझ्या पोरीचं नाव तिथे पहिलीत आहे. दिवाळीनंतर मी तिला इकडे आणली.

"भाऊ, पोरगी कधी येते?"

"का गुरुजी, पट कमी पडतो?"

"पडतो तर. तिला धरून एकसष्ट आहेत. ती गेली तर एक शिक्षक जाईल."

तोच आकडा! मला वाटलं, कोणी चेष्टा करतंय. मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला पोरगी नको, शिक्षक पाहिजे."

ते म्हणाले, "तसं समजा. पण यायची नसेल तर आजच दाखला देतो, तिकडे शाळेत घाला. पोर घरी ठेवू नका. शाळेच्या वाटेत मोठा रस्ता लागतो का तिला?"

मी त्यांच्या आवाजात डाव शोधत होतो. सापडला नाही. घाईने म्हणालो, "जाते ती इथे शाळेत. महिना झाला."

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि धाकलीला तर दाखवायचंच नाही. म्हणून तुला सांगतो. पोरगी शाळेत जात नाही. इथल्या बाईंनी दिलेला फॉर्म गुजरातीत आहे. भरून आणतो म्हणालो, घडी करून खिशात घातला, अजून भरला नाही. चार महिन्यांत ती माझ्यापेक्षा जास्त वाचेल, आणि बापाला कारखान्याची गुजराती पाटीसुद्धा वाचता येत नाही हे तिला कळेल. गुरुजींनी नुसतं 'नाव आमच्याच पटावर राहू द्या' म्हणावं, म्हणजे पोरगी घरी बसल्याचा दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळा, असं वाटत होतं. ते म्हणाले नाहीत.