धुतलेले बोकड

२ मार्च २०१०
मी एवारिस्तो लोसानो, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न, शेळीपालक सहकारी संस्थेचा चिटणीस. बोकडांच्या प्रयोगाची अचूक नोंद राहावी म्हणून हे लिहितो. अडीच महिने सहा बोकडांना दिव्यांखाली सोळा-सोळा तासांचा दिवस दाखवला. जानेवारीत दिवे काढले. दिवस एकदम लहान झाला आणि त्यांच्या मेंदूने मिलनाचा हंगाम आला असे मानले! आता त्यांच्या सहवासाने शेळ्यांनीही अवेळी माजावर यावे. जी येणार नाही ती ३१ तारखेला खाटकाकडे – कळपाच्या मालकीण दोन्या (म्हणजे बाईसाहेब) क्रेसेन्सिया यांचा निश्चय.
आज सहाही बोकड साबणाने घासून, धुऊन कळपात सोडले. स्वच्छता हवीच.

८ मार्च
एकही शेळी माजावर नाही. ढुंकूनही पाहत नाहीत.

९ मार्च
पशुवैद्य ओफेलियाबाई आल्या. साबणाचे ऐकून मटकन खालीच बसल्या. दोन्या क्रेसेन्सिया डोळे पुसू लागल्या – हसून! "अहो पदवीधरसाहेब, नवरदेवाचं अत्तरच धुऊन टाकलंत की!" त्या वासानेही म्हणे शेळीचा मेंदू जागा होतो. घरी पत्नी अम्पारो म्हणाली, "लग्नात मलाही नुसता साबणाचाच वास आला होता." – हा शेरा प्रस्तुत नोंदीत अनावश्यक आहे.

१९ मार्च
बोकडांना पुन्हा असह्य दुर्गंधी. चाळीस शेळ्यांपैकी पस्तीस माजावर!

२६ मार्च
उरलेल्या पाच तशाच. ओफेलियाबाईंनी विचारले, "ह्या कधी जन्मलेल्या?" दोन्या म्हणाल्या, "त्या दुष्काळी वर्षातल्या. पोटुशी असताना ह्यांच्या आयांना निवडुंगसुद्धा मिळाला नाही." गर्भातल्या उपासमारीची खूण मेंदूवर राहिली असावी. जनुकांचा वारसा तोच, त्यातली कोणती पाने उघडायची, कोणती मिटलेली ठेवायची, हे भूक ठरवते. ओफेलियाबाई "असावी" म्हणाल्या. मीही तेवढेच लिहितो. पाचही जणी बुधवारी खाटकाकडे.

३० मार्च
जेवताना अम्पारोला हे सविस्तर समजावले. तव्यावरची टॉर्टिया उलटत ती म्हणाली, "तुम्ही पोटात असताना सासूबाई सात महिने दिवसातून एकदाच जेवत होत्या. त्याच सांगायच्या."
आम्हांला मूल नाही. तिची तपासणी चार वेळा झाली. माझी एकदाही नाही. दोष तिच्याकडे, हे मी गृहीतच धरले होते – कसलाही पुरावा न पाहता.

३१ मार्च
खाटकाची गाडी रिकामी परत पाठवली. पाचही शेळ्या दोन्या क्रेसेन्सियांकडून विकत घेतल्या; आता आमच्या अंगणात आहेत. अम्पारोची क्षमा मागितली.
"तीस वर्षं लागली हो, पदवीधरसाहेब!" एवढेच म्हणाली. मग अंगणात जाऊन बसली. एका शेळीला कुशीत घेऊन.

एवारिस्तो लोसानो
सान तेलेस्फोरो, कोआविला
३१ मार्च २०१०