उसनं कातडं

३ मार्च
सोलापूर आवडलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेजारी टॉवेलचे माग दिवसभर खडखडतात, भिंतीपलीकडे आमची प्रयोगशाळा. खोल जखमेवर लावायची त्वचा इथे वाढवायची आणि आधी मेंढ्यांवर तपासायची, हे काम. आईला माढ्याला फोन करून सांगितलं, तुझी दीक्षा आता कातडं विणते. ती म्हणाली, जेवलीस का? आम्ही दोघीच, त्यामुळे तिचा प्रत्येक फोन इथूनच सुरू होतो. मेंढ्या सांभाळणारे धोंडिराममामा पहिल्याच दिवशी मला ताई म्हणायला लागले. सहा महिने नीट काढले तर प्रयोगशाळेच्या प्रमुख सुंदरम्मा मॅडम कायम करणार आहेत.

९ मार्च
घात झाला. शनिवारी आईसाठी साडी घ्यायला नवी पेठेत पळायच्या घाईत पेशींच्या उबदार कपाटाचं दार उघडं राहिलं. दवाखान्यातून आलेल्या माणसाच्या त्वचेच्या सगळ्या पेशी मेल्या. मॅडमना कळलं तर उद्याच माढ्याची एसटी. म्हणून स्वतःची मांडी बधिर केली, नखाएवढा तुकडा कापला आणि तोच वाढायला ठेवला. बशीवर जुनंच लेबल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

६ एप्रिल
चार नंबरच्या मेंढीच्या पाठीवर आज चार जखमा केल्या. तीन जखमांवर माझी त्वचा, चौथी तुलनेसाठी मुद्दाम उघडी. एकविसाव्या दिवशी मेंढी मारून पाठ तपासायची. दुखणं थांबवायचा दुसरा डोस मी दिलाच नाही. ओरडत नव्हती आणि मला घरी जायचं होतं. मामा म्हणाले, "मेंढरू रडत न्हाय, ताई. सोसतंय."

मग त्यांनी एक युक्ती सांगितली. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतात. मग ती त्याला पाजते. मी हसून विचारलं, आईला कळत नाही? "कातडं वळखीचं असलं की झालं की."

१३ एप्रिल
त्वचा मस्त धरली, मॅडम खूश. एका तुकड्यावर तीळ आलाय, माझ्या मांडीवर आहे तसाच. घरी येऊन मांडीवरचा शोधला. नाही. तिथली जखम भरायची सोडून तळहाताएवढी झाली आहे.

१८ एप्रिल
हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. बोटं गुळगुळीत, एक रेष नाही. वॉचमनने विचारलं, कुणाकडं आलाय? थट्टा वाटली. आत मामा चार नंबरला ताई म्हणत होते. मी हाक मारली, वळले नाहीत.

२२ एप्रिल
मॅडमना सगळं सांगून टाकलं. दार, मांडी, लेबल. त्या माझ्यातून पलीकडे बघत राहिल्या. मग मामांना म्हणाल्या, हे जनावर मोकळं कसं फिरतंय?
खूप भीती वाटते. फोनवर आई नुसतं कोण, कोण करत राहिली. शनिवारी ती यायची आहे. समोर बघून ओळखेल. आई आहे ती.

२५ एप्रिल
आई आली. मी दारातच होते. तिने मला गुडघ्याने बाजूला सारलं, गुरांना सारतात तसं. थेट चार नंबरकडे गेली. पाठीवरून हात फिरवला. विचारलं, जेवलीस का?
आई मी घेतलेली साडी नेसली. दोघी माढ्याला गेल्या. मामांनी पिशवी उचलून दिली — जपून जावा, ताई, म्हणाले —

२७ एप्रिल
एकविसावा दिवस. मेंढ्यांच्या कप्प्यात एक कमी होती. आता नाही. पाठीवर चार जागा जळतात — उघडी सगळ्यात जास्त —
ओरडते. आवाज नाही.
ज्याचं कातडं काढतात ते कोकरू आधीच मेलेलं असतं. नसलं तर? हे मी त्या दिवशी विचारायला —
नवी मुलगी आली आहे, काव्या. मॅडमनी तिला सुरी लावायच्या आधी बधिर करायला सांगितलंय. ती घड्याळ बघते. म्हणते, ओरडत नाही ना, मग कशाला. मामांनी माझं तोंड धरलंय, अगदी हळू. तिला सांगतात, मेंढरू रडत न्हाय, ताई. सोस—